न केलेली अटक

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या गावची, कोणता आरोपी कुठे सापडला, हे सांगताना माझा घोटाळा होतो आणि पत्नी मध्येच दुरुस्ती करते. पण हिंगणीच्या बाजूला, बोर धरणाच्या अलीकडच्या एका खेड्यात झालेले ते मरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्या प्रकरणात कोणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही, मला बक्षीसही मिळाले नाही. तरीही नोकरीतली अभिमानाची गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगतो.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात मी फौजदार होतो. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आमचे निम्मे काम मोहाच्या भट्ट्या शोधण्याचे. सकाळची हजेरी झाली की जमादार विचारायचे, "सायेब, आज नाला का जंगल?" नाल्याच्या काठी किंवा जंगलात भट्टी सापडली की ती फोडायची, आंबवलेल्या मोहाचा सडवा ओतून द्यायचा, पंचनामा करायचा आणि परत यायचे. थोड्या दिवसांनी तीच भट्टी दुसऱ्या नाल्याला लागलेली असायची. खुनासारखे प्रकरण आमच्या हद्दीत क्वचित व्हायचे.

संक्रांत होऊन गेली होती. थंडी चांगली पडली होती. सकाळी त्या गावचा कोतवाल सायकलवर वर्दी घेऊन आला. गावातला एक भाजीपाला पिकवणारा शेतकरी रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. वय पंचेचाळिशीच्या आसपास. पोलीस पाटलाने कळवले होते की मरण संशयास्पद वाटते, लवकर यावे. मी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करून घेतला आणि जमादारांना घेऊन निघालो.

घर साधे, मातीचे, पण नेटके. मागे विहीर आणि वांग्या-कोथिंबिरीचे वाफे. मयत माडीखालच्या खोलीत खाटेवर होता. माणूस उंच, हाडापेराने मोठा, पण छाती पिंपासारखी फुगलेली. अनेक हंगाम त्याने कापसाच्या जिनिंगमध्ये काम केले होते आणि तिथल्या धुळीने त्याला दमा जडला होता. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास भरून राहिला होता. अंगावर इजा नव्हती. ओठ आणि नखे निळसर पडली होती. तोंड धुऊन पुसलेले होते आणि अंगात धुतलेला पांढरा सदरा होता.

घरात त्या रात्री तीनच माणसे होती. मयत, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. हयात असलेली एकच मुलगी, ती लग्न होऊन सासरी होती. हा भाऊ वर्ध्याला एका शाळेत शिपाई होता आणि पिपरी मेघेला राहायचा. थोरल्याला दुसऱ्या दिवशी नागपूरला मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायला न्यायचे होते, म्हणून तो आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आला होता.

मी पंचांसमक्ष पंचनामा सुरू केला तेव्हा हा भाऊ मला बाजूला घेऊन गेला. डोळे रडून सुजलेले होते.

"सायेब, मी सकाळी मागच्या दारी गेलतो. पाह्यतो तं काय, दोरीवर दादाचा सदरा. ओला. नुकताच धुतलेला. मी वहिनीले म्हटलं, एवढ्या थंडीत पहाटेच धुणं काऊन काढलं? तं तिनं तोंड फिरवलं. अन् मग मले सांगते का दादा उठून नाई राह्यले. म्हणजे माणूस मेला हे मालूम असून हे पहिले सदरा धुते? त्याचं तोंड धुते? अन् मग आवाज देते?"

मी त्या बाईला विचारले. चाळिशीची, बारीक अंगाची, डोक्यावर पदर. ती म्हणाली, "सदरा खराब झाला होता, म्हून धुतला."

"कशाने खराब झाला?"

तिने पदर पुढे ओढून घेतला.

"घरात काही औषध होते का? फवारणीचे, उंदरांचे, दुसरे कोणते?"

"नाई."

भावाने लेखी तक्रार दिली की वहिनीने काहीतरी विषारी घालून दादाला मारले. ती मी मर्गाच्या चौकशीत जोडून घेतली. शवविच्छेदन वर्ध्याला झाले. फुप्फुसे फार खराब होती. मरण पहाटेकडे आलेले, पोटात फारसे काही उरले नव्हते. डॉक्टरांनी मरणाच्या कारणाबद्दलचे मत राखून ठेवले आणि व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी नागपूरला गेला. तो अहवाल यायला तेव्हा महिने लागत.

भाऊ मात्र रोज सायकल मारत ठाण्यात यायचा. "सायेब, काय झालं? तिले काऊन धरून नाई राह्यले?" मी त्याला पाणी द्यायचो, बसवायचो, समजावून परत पाठवायचो.

बाजाराच्या दिवशी आमचा एक खबऱ्या मागच्या बाजूने ठाण्यात आला. हा एरवी भट्ट्यांची बातमी आणायचा. त्या दिवशी त्याने दुसरीच आणली.

"सायेब, तुमी जंगलं धुंडून राह्यले, अन् त्या बाईच्या घरात गोळ्या आहेत. डोकं शांत कराच्या. गंज दिवसांपासून खाते ते. कोणाले सांगत नाई. तांदळाच्या मडक्यात लपवते म्हणे."

मी पंच घेऊन गेलो. तांदळाच्या मडक्यात खरोखरच चिंधीत गुंडाळलेले गोळ्यांचे पाकीट निघाले. वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी तिला घाबरेपणावर लिहून दिलेल्या डायझेपामच्या गोळ्या होत्या त्या. पाकीट नवीन होते, पण बरेचसे रिकामे.

"बाई, मी विचारले तेव्हा औषध नाही म्हणालात."

ती हळू म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या आहेत सायेब त्या. लोक पागल म्हणतीन म्हून लपवल्या. लहानी पोरगी तापात गेली माही, तवापासून छातीत धडधड होते. रोज एक घेतो मी."

"रोज एक घेतली तर इतक्या कमी कशा झाल्या?"

तिने पाकीट हातात घेतले, उलटे-पालटे केले. तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य आले ते मी नीट पाहून ठेवले. "मले नाई मालूम," ती म्हणाली.

पाकीट सील करून मुद्देमालात जमा केले. आता सगळे एका दिशेला बोट दाखवत होते. बाईने मयताचे तोंड धुतले, कपडे बदलले, औषध लपवले, खोटे सांगितले, आणि कमी झालेल्या गोळ्यांचा हिशेब तिच्याकडे नव्हता. जिल्ह्याहून आमचे वरिष्ठ तपासणीला आले, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "फौजदार, आणखी काय पाहिजे? गुन्हा दाखल करा आणि अटक करा."

मी उभा राहून सांगितले, "साहेब, मला थोडी मुदत द्या. हिने मारले असेल तर ही कुठे पळून जात नाही. पण एकदा हिला गाडीत बसवून नेले की उद्या कोर्टाने सोडली तरी गाव सोडणार नाही."

"आणि उद्या ती जिवाचं बरंवाईट करून बसली तर?"

"तर जबाबदारी माझी."

साहेबांना ते आवडले नाही, पण त्यांनी अडवले नाही. पोलीस पाटलाच्या बायकोला मी बाईजवळ राहायला सांगितले. जबाबही मी ठाण्यात बोलावून घेत नव्हतो. पाटलाच्या ओसरीत, पाटलीणबाई समोर असताना विचारायचो.

गोळ्या जप्त केल्यानंतर एक-दोन दिवसांनी बाईमध्ये फरक दिसू लागला. तिचे हात कापायचे. थंडीतही कपाळावर घाम असायचा. चहाची बशी तिच्या हातात ठरेना. जमादार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सायेब, पाहा. आता कापून राह्यली. गुन्हा अंगातून बाहेर येऊन राह्यला. आणखी थोडं ताणा, सांगते सगळं."

जमादार जुने, अनुभवी माणूस. पण मला ते पटले नाही. गुन्हेगार प्रश्न विचारला की कापतो आणि प्रश्न थांबला की सावरतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले होते. ही उलट होती. मी बोलत असताना जेवढी कापत होती, तेवढीच मी अंगणात जाऊन उभा राहिलो तरी कापत होती. पाटलीणबाई म्हणाल्या, "रात्रभर डोळ्याले डोळा नाई लागला तिच्या. भिंतीकडं पाहून दचकते."

मी जबाब थांबवला आणि जीप पाठवून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावले. नुकत्याच रुजू झालेल्या बाई होत्या, वयाने लहान पण बोलायला स्पष्ट. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, चार प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिच्या गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मुद्देमालात जप्त आहेत."

"मग हे त्याचंच आहे. साहेब, ही गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली की शरीराला तिची सवय होते. एकदम तोडली तर हात कापतात, झोप उडते, झटकेसुद्धा येऊ शकतात. झटक्यात माणूस दगावतोही. बंद करायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू."

सील केलेला मुद्देमाल मला उघडता येत नव्हता. डॉक्टरांनी स्वतःच्या केंद्रातून औषध दिले आणि ते पाटलीणबाईंच्या हाती सोपवले. दुसऱ्या दिवशी बाईच्या हातात बशी ठरली. जमादारांनी बाईला बसायला स्वतः चटई टाकली.

मी आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना नीट विचारले. "मॅडम, मला एकच सांगा. या पाकिटातल्या चार-सहा गोळ्या एखाद्याला घातल्या, तर तो मरेल का?"

"धडधाकट माणूस? बहुतेक नाही. गुंगी येईल, खूप झोपेल. पण तुमचा मयत धडधाकट नव्हता ना?"

"दमेकरी. जिनिंगमध्ये काम केलेला."

"मग त्याला ही गोळी कोणी द्यायलाच नको होती. असा माणूस प्रत्येक श्वास जोर लावून ओढतो. ही गोळी तो जोरच काढून घेते." मग त्यांनी विचारले, "तो दारू प्यायला होता का?"

"नाही. केळझरच्या गणपतीपुढे शपथ घेऊन त्याने सोडली होती. सगळं गाव सांगतं."

"गाव सांगू दे. तुम्ही शोधा. दारूही तेच करते जे ही गोळी करते. दोन्ही एकत्र झाली की मेंदू श्वास घ्यायचंच विसरतो. माणूस मोठ्याने घोरत पडतो, घरच्यांना वाटतं शांत झोप लागली. आणि तो आतल्या आत संपत असतो."

जीपमध्ये बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तो ओला सदरा आला. बाईने तोंड का धुतले, सदरा का धुतला, याचे उत्तर विषात नसून वासात असेल तर?

आमच्या हद्दीत मोहाची दारू कोण गाळतो हे मला तोंडपाठ होते. त्या गावच्या नाल्यावर एकच म्हातारा गाळायचा. मी त्याची भट्टी अनेकदा फोडली होती. मी एकटाच त्याच्या झोपडीपाशी गेलो. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"सायेब, आज काहीच नाई. देवाची आण."

"मी भट्टीसाठी नाही आलो. तो दमेकरी भाजीवाला मेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो तुझ्याकडे आला होता का?"

"कोण? तो? त्यानं तं सोडलती."

"मला माहीत आहे सोडली होती. मी हे विचारतो आहे की त्या संध्याकाळी तो आला होता का. तुझ्यावर केस करायची असती तर मी पंच घेऊन आलो असतो. एका बाईचा जीव अडकला आहे."

म्हातारा उकिडवा बसला. काडीने माती उकरू लागला.

"आलता सायेब. गंज दिवसांनी आलता. मी म्हटलं, बावा, तुह्या छातीले नाई चालत. तो म्हणे, उद्या नागपूरले फोटो काढाचा आहे, डाक्टर काय सांगीन काय नाई, मले भेव वाटून राह्यलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी देल्ली. मोप पेला. अर्धी तं सदऱ्यावरच सांडली."

मी तिथून थेट पाटलाच्या ओसरीत गेलो. बाईला समोर बसवले. पाटलीणबाई आणि जमादार होतेच.

"बाई, तुमचे मालक त्या संध्याकाळी नाल्यावर प्यायले होते. सदऱ्याला त्याचा वास होता. म्हणून तुम्ही तो धुतला. बरोबर?"

तोवर त्या बाईच्या डोळ्यांतून मी पाणी आलेले पाहिले नव्हते. तेव्हा आले. ती पदर तोंडात धरून रडली. मग म्हणाली, "त्याईनं बाप्पापुढं हात जोडून सोडलती सायेब. दोन वरस थेंब नाई घेतला. गावात लोक उदाहरण द्यायचे, पाहा, मनात आणलं तं माणूस कसा सुधरते. पहाटे पाह्यलं तं अंग थंड. सदऱ्याले वास येऊन राह्यलता. मले वाटलं, आता लोक येतीन, पाह्यतीन, म्हणतीन पिऊन मेला. मेल्या माणसाले मी खोटा कशी पडू देऊ?"

"आणि लोक तुम्हाला खुनी म्हणत होते, त्याचं काय?"

"मी जिती आहे ना. मी सोसू शकतो. त्याईले काय बोलता येते आता?"

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फासावर जाण्याची पाळी येऊ शकते हे कळत असूनही ती बाई नवऱ्याची एक शपथ जपत बसली होती. तिला अटक करण्याची घाई मी केली नाही, याचे समाधान मला त्या क्षणी जेवढे वाटले तेवढे नंतर कधी कोणत्याही मोठ्या गुन्ह्याच्या तपासात वाटले नाही.

पण अर्धेच कोडे सुटले होते. गोळ्या कमी कशा झाल्या? बाईला माहीत नव्हते, हे आता मला पूर्ण पटले होते. घरात तिसरे माणूस एकच होते. आणि एक गोष्ट मला काही दिवसांपासून खटकत होती. जो भाऊ रोज ठाण्यात येऊन वहिनीच्या अटकेसाठी भांडायचा, तो गोळ्यांचे पाकीट जप्त झाल्याची बातमी पसरल्यापासून एकदाही आला नव्हता. फिर्यादीच्या बाजूने पुरावा मिळाला की तो अधिक जोराने येतो. हा गप्प झाला होता.

मी त्याला बोलावणे पाठवले नाही. साध्या कपड्यांत पिपरी मेघेला त्याच्या खोलीवर गेलो. तो दारातच बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला पाहून उठलासुद्धा नाही.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "तुझा दादा त्या दिवशी दारू प्यायला होता, हे तुला माहीत होतं का?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. "दादा? दादानं तं सोडलती."

"तो नाल्यावर प्यायला होता. वहिनीने सदरा धुतला तो त्याचा वास लपवायला. त्याची अब्रू राहावी म्हणून."

तो पायरीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"आता तू सांग," मी म्हणालो. "गोळ्या कोणी दिल्या?"

तो एकदम बोलायला लागला, जणू बरेच दिवस तोंडाशी आलेले त्याने अडवून धरले होते.

"मी देल्ल्या सायेब. दादा बाहेरून आला, तोंडात पान होतं, छातीले निलगिरी चोपडली होती, दुसरा वासच नाई आला मले. बसून राहे ना, निजे ना. म्हणे, मले भेव वाटून राह्यलं, उद्या डाक्टर म्हणीन खेळ खलास. वहिनी चुलीपाशी होती. दादा म्हणे, तुह्या वहिनीच्या गोळ्यांनं जीव शांत होते म्हणे, त्या दे मले. मडक्यात आहेत. मी काढून देल्ल्या. वहिनी येवढीशी बाई, ते एक घेते. दादा एवढा मोठा माणूस, म्हून मी चार देल्ल्या. दादा निजला. घोरत होता मोठ्यानं. मले वाटलं, बरं झालं, झोप लागली बिचाऱ्याले." त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. "वहिनी वरसानुवरसं घेते सायेब, तिले काही होत नाई. औषधच तं आहे. त्यानं माणूस कसा मरीन? मले वाटलं वहिनीनंच दुसरं काही घातलं. मग तुमी गोळ्या जप्त केल्या, अन् तवापासून मी निजलो नाई. वहिनीले सोडून द्या. मले न्या."

मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेले सगळे समजावून सांगितले. चार गोळ्या, मोहाची दारू आणि ती धुळीने खाल्लेली छाती, यांतले एक नसते तर कदाचित त्याचा दादा नागपूरला गेला असता. कोणाच्याही मनात मारायचे नव्हते. एकीने अब्रूसाठी दारू झाकली, दुसऱ्याने भीतीपोटी गोळ्या झाकल्या. आणि ज्याने दोन्ही पोटात घेतले त्याला काही सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना पाटलाच्या ओसरीत समोरासमोर बसवले. भावाने वहिनीच्या पायांवर डोके ठेवले आणि सगळे सांगितले. मी बाईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या, हाकलले असते, तरी मला आश्चर्य वाटले नसते. पण तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठा भाऊजी. तुमी काही जहर नाई देल्लं. त्याईनं मांगतलं, तुमी देल्लं. मी चुलीपाशी होती, मले इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं, बस. आता पाया नोका पडू. जेवाले घरी येजा."

मी माझा अहवाल लिहिला. दारू गाळणाऱ्याचा, भावाचा, बाईचा आणि डॉक्टरांचा जबाब जोडला. सरकारी वकिलांचे मत घेतले. भावाविरुद्ध हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लावावा की नाही, यावर चर्चा झाली. वकिलांनी सर्व कागद वाचून लावू नये असे सांगितले. पुढे नागपूरहून रासायनिक तपासणीचा अहवाल आला. त्यात दोन्ही सापडले होते, दारू आणि तीच गोळी. दुसरे कोणतेही विष नव्हते. मर्गाचे कागद उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि अपघाती मृत्यू म्हणून बंद झाले.

आमचे वरिष्ठ पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी ते कागद मागवून घेतले. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर बाई आत असती." एवढेच. पण ते मी कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठे मानले.

त्या गावात ग्रामसभेच्या दिवशी मी त्या डॉक्टरांना घेऊन गेलो. कोणाचे नाव न घेता त्यांनी लोकांना सांगितले की घाबरेपणाची गोळी दुसऱ्याची घेऊ नये, दारूच्या वर कधीच घेऊ नये, दमेकऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये, आणि रोज घेणाऱ्याने मनानेच एकदम सोडू नये. गोळ्या घेणारा माणूस वेडा नसतो हेही त्यांनी ठासून सांगितले. सभेला गर्दी होती, आणि गावाला कोणाबद्दल चालले आहे ते कळत होते. तरी कोणी मागे वळून त्या बाईकडे पाहिले नाही. गावाने तेवढे सौजन्य दाखवले.

मी त्या ठाण्यात असेपर्यंत कामानिमित्त आरोग्य केंद्रात जाणे व्हायचे. अनेकदा तिथल्या बाकावर मला हे वहिनी-दीर दिसायचे. दीर आता गावात वहिनीकडेच राहून शाळेत जात-येत होता. डॉक्टर तिच्या गोळ्या हळूहळू कमी करत होत्या. एकदा मी ऐकले, डॉक्टर तिला म्हणाल्या की घरात गोळ्या कोणाच्याही हाती लागणार नाहीत अशा ठेवा. तिने पिशवीतून डबी काढली आणि शेजारी बसलेल्या दिराच्या हातात दिली.

"भाऊजीपाशी राहू द्या," ती म्हणाली. "आता हेच नीट सांभाळतीन."

त्याने ती डबी दोन्ही हातांनी घेतली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

पोलीस खात्यात नव्या फौजदारांना शिकवायला मला पुढे बोलावत असत. मी त्यांना सांगायचो की माणूस काहीतरी लपवतो आहे हे ओळखणे सोपे आहे, ते कोणीही ओळखेल. तो ते कोणासाठी लपवतो आहे, हे शोधा. पुष्कळदा तिथे गुन्हा नसतोच. लाज असते, भीती असते, मेलेल्यावरची माया असते. बेड्या घालायचा अधिकार आपल्याला सरकारने दिला आहे. त्या कधी घालायच्या नाहीत हे मात्र आपले आपल्यालाच शिकावे लागते, आणि ते मी त्या गावातल्या एका बाईकडून शिकलो.